मेनू फोनवर सांगता आला पाहिजे

“काका, तीन रेघा दोन ठिकाणी हायत. कुठल्या दाबू?”

हा फोन आला तेव्हा मी पंढरपुरात एका लग्नाच्या मांडवात होतो. सांगोल्यात माझं टायपिंग आणि डीटीपीचं दुकान आहे. त्या दिवशी दुकानात महूदकडून रोज एसटीनं येणारी मुलगी एकटीच होती. काउंटरपाशी डाळिंबाचा व्यापारी उभा, बाहेर त्याचा टेम्पो भरून तयार, आणि पेट्यांवर चिकटवायच्या लेबलांचं पान उभ्याचं आडवं करायचं होतं. काम एवढंच. पण आदल्या आठवड्यात मी तिच्या संगणकावर लिहिण्याच्या एका प्रोग्रॅमची नवी आवृत्ती टाकली होती, आणि त्या आवृत्तीनं वरची मेनूची पट्टी काढून कोपऱ्यात तीन आडव्या रेघांचा आयकॉन बसवला होता. मी फोनवर सांगितलं, तीन रेघा दाब. तिच्यासमोर आडव्या रेघांचे आयकॉन दोन होते. एक तो, आणि दुसरा मजकूर डावीकडं लावायचा. तिनं दुसरा दाबला. लेबलावरचा सगळा मजकूर एका बाजूला सरकला. ती घाबरली, मी मांडवात ओरडून बोलायला लागलो, आणि अर्ध्या तासानं व्यापारी शेजारच्या गल्लीत लेबलं करून घ्यायला निघून गेला.

तो अर्धा तास मी विसरलेलो नाही. माझा राग त्या मुलीवर नाही. ती बारावी झालेली, हुशार, मराठी टायपिंगला माझ्यापेक्षा वेगवान. राग आहे तो शब्द पुसून रेघा काढणाऱ्यांवर. जुन्या आवृत्तीत मी काय सांगितलं असतं? “वर बघ. ‘स्वरूप’ लिहिलंय. त्यात ‘पान’ बघ.” संपलं. शब्द फोनवर सांगता येतो, दुकानाच्या या टोकापासून त्या टोकाला ओरडून सांगता येतो, वहीत लिहून ठेवता येतो. आयकॉनचं यातलं काहीच होत नाही. ज्यानं तो आधी पाहिलाय त्यालाच तो कळतो, आणि त्याला सांगायची गरजच नसते.

त्या मुलीची एक शंभर पानी वही आहे. माझ्याकडं आल्यापासून शिकलेलं तिनं त्यात उतरवलं आहे: पान आडवं – स्वरूप – पान, तक्त्यात ओळ वाढवणे – तक्ता – घाला, पीडीएफ करणे – फाइल – निर्यात. बाणांच्या खुणा काढून, निळ्या शाईत. ही वही माझ्या दुकानाचं भांडवल आहे. नवीन कुणी कामाला आलं की आधी ती वही वाचायला देतो. त्या एका नव्या आवृत्तीनं वहीतली अकरा पानं रद्दी केली, आणि हे करणाऱ्यानं त्याचं नाव ठेवलं ‘सुटसुटीत’. कुणासाठी सुटसुटीत?

मी लिनक्स वापरतो आणि ते आवडून वापरतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मुदत संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ची चिप आणि नवा प्रोसेसर लागतो. माझी यंत्रं जुनी, ४ जीबी रॅमची, एका बंद झालेल्या ऑफिसातून सेकंडहँड घेतलेली. ती भंगारात घालायची माझी ऐपत नाही आणि इच्छाही नाही, कारण ती उत्तम चालतात. मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून मी एकेका यंत्रावर डेबियन १२ हे लिनक्स टाकत गेलो, त्यावर एक्सएफसीई हा डेस्कटॉप. कोरलड्रॉसाठी एक यंत्र अजून विंडोजवर आहे, ते नेटला जोडत नाही. बाकी अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लेबलं, पुस्तिका, सगळं लिब्रेऑफिसमध्ये आणि इंकस्केपमध्ये होतं. तेव्हा हे बाहेरच्यानं सोडलेलं टीकास्त्र समजू नये. घरातला माणूस बोलतो आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. मला माझ्या लिनक्सच्या चारही यंत्रांवर मेनूची पट्टी पडद्याच्या माथ्यावर हवी होती. याला ग्लोबल मेनू म्हणतात. प्रत्येक विंडोच्या कपाळावर वेगळी पट्टी नाही, पडद्याच्या अगदी वरच्या कडेला एकच पट्टी, आणि जी विंडो पुढं असेल तिचा मेनू त्या पट्टीत. हे काही नवं खूळ नाही. ॲपलनं १९८३ साली ‘लिसा’ संगणक आणला त्यात हे होतं, १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये होतं, आणि आजच्या मॅकमध्येही आहे. चाळीस वर्षं एक पट्टी एकाच जागी. मॅक वापरणाऱ्याला ‘फाइल कुठं आहे’ हे कधी विचारावं लागत नाही.

हे का चांगलं, त्यामागं शास्त्र आहे. पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५४ साली मोजून मांडलं की एखाद्या ठिकाणी हात नेऊन टेकवायला लागणारा वेळ ते ठिकाण किती लांब आहे आणि किती मोठं आहे यावर ठरतो. पडद्याच्या कडेला बाण अडतो, पुढं जाऊच शकत नाही. म्हणून कडेवरची पट्टी हाताच्या दृष्टीनं प्रचंड मोठी ठरते: माउस वर ढकला, नेम धरू नका, बाण पट्टीवर जाऊन थांबणारच. तीच पट्टी कडेपासून बोटभर खाली आली की तिथं थांबायला नेम लागतो. माझ्या दुकानातले माउस दीडशे-दोनशे रुपयांचे. उन्हाळ्यात रस्त्यावरची धूळ आत येते आणि ते अडखळतात. चाळीस-पन्नाशीच्या काही माणसांचा हात थरथरतो. ज्यांना हा फरक जाणवत नाही त्यांनी एकदा सांगोल्यात मे महिन्यात येऊन दिवसाचे आठ तास टायपिंग करून दाखवावं.

दुसरं कारण जागेचं. माझे पडदे १३६६ बाय ७६८ पिक्सेलचे. उंची ७६८, त्याहून जास्त नाही. त्यात वर पॅनल, मग विंडोची शीर्षकपट्टी, मग मेनू, मग टूलबारच्या दोन ओळी, मग मोजपट्टीचे आकडे, खाली स्थितीपट्टी. मी मोजलं: मेनूची पट्टी एकटी २७ पिक्सेल खाते, आणि तिच्याच वर असलेल्या पॅनलचा मधला भाग दिवसभर रिकामा पडलेला असतो. मेनू त्या रिकाम्या जागेत नेला की २७ पिक्सेल सुटतात. देवनागरी ओळ उंच असते. वर मात्रा, वेलांटी, रफार, खाली उकार. २७ पिक्सेल म्हणजे मराठीची एक अख्खी ओळ. सातबाऱ्यावरून नावं उतरवताना एक ओळ जास्त दिसणं म्हणजे काय, हे टाइप करणाऱ्याला विचारा.

इतकी साधी, इतकी जुनी, इतकी सिद्ध झालेली गोष्ट. ती बसवायला मला तीन संध्याकाळी लागल्या.

पहिल्या संध्याकाळी डेबियनच्या भांडारातून एक्सएफसीईचं ॲपमेनू प्लगइन उतरवलं, पॅनलमध्ये घातलं. पॅनलवर फक्त पुढच्या प्रोग्रॅमचं नाव दिसलं. मेनू होता तिथंच, विंडोत. कारण पॅनलला मेनू दाखवता येत असला तरी प्रोग्रॅमला तो आधी पाठवावा लागतो. हे पाठवणं डी-बसवरून होतं, म्हणजे लिनक्समधले प्रोग्रॅम एकमेकांना निरोप देतात त्या वाटेनं. प्रोग्रॅम आपल्या मेनूतले शब्द आणि त्यांची रचना निरोपात घालतो, मधली एक नोंदणी सेवा ‘या क्रमांकाच्या विंडोचा मेनू इथं आहे’ अशी नोंद ठेवते, आणि पॅनल ती नोंद वाचून शब्द मांडतं. आखणी सुंदर आहे. मेनू म्हणजे शब्द, आणि शब्द एका जागेहून दुसऱ्या जागी पाठवता येतात, हे यंत्रालाही कळलेलं आहे.

दुसरी संध्याकाळ गेली प्रोग्रॅमना निरोप पाठवायला लावण्यात. त्यासाठी जीटीकेला, म्हणजे हे प्रोग्रॅम ज्यावर बांधलेले असतात त्या साच्याला, जोडायचं वेगळं मॉड्यूल लागतं. ते उतरवलं. मग टर्मिनलमध्ये तीन ओळी टाइप करायच्या: एक मॉड्यूलचं नाव सांगणारी, उरलेल्या दोन ‘मेनू आता पॅनल दाखवणार आहे’ असं प्रोग्रॅमना कळवणाऱ्या. त्यातल्या एका ओळीत ‘शेलशोजमेनूबार’ असा सलग इंग्रजी शब्द आहे. त्यात शेल, शोज, मेनू यांची पहिली अक्षरं मोठी, पण ‘बार’चा बी लहान. मी बी मोठा टाइप केला. चूक झाली असा एक शब्दही आला नाही. कारण ती आज्ञा ‘हे सेटिंग नसेल तर नवं तयार कर’ अशी आहे. तिनं माझ्या चुकीच्या नावाचं एक नवं, कुणीच न वाचणारं सेटिंग निमूटपणे तयार केलं. लॉगआउट, लॉगिन, काही नाही. पुन्हा लॉगआउट, लॉगिन, काही नाही. दोन तासांनी एकेक अक्षर बोट ठेवून ताडलं तेव्हा तो बी सापडला. दुरुस्त केला, पुन्हा लॉगिन केलं, माउसपॅड नावाचा लिहिण्याचा प्रोग्रॅम उघडला, आणि मेनू विंडोतून उठून माथ्यावर गेला. रात्रीचे साडेदहा वाजले होते.

एका अक्षराच्या आकारावर माणसाचे दोन तास जाणं, हे मला मान्य नाही. माझं निभावलं, कारण मला टर्मिनलची सवय आहे. तालुक्यातल्या शाळेतल्या शिक्षकानं, ग्रामपंचायतीतल्या संगणक परिचालकानं हे का करावं? एक्सएफसीईच्या सेटिंगमध्ये ‘मेनू पडद्याच्या वर ठेवा’ अशी एक चौकोनी खूण असायला काय हरकत आहे? तिच्यामागं ते प्लगइन, ते मॉड्यूल आणि त्या तीन ओळी एकत्र बांधायला जाणत्या माणसाला एक दुपार पुरेल. ती दुपार इतक्या वर्षांत कुणी काढली नाही.

तिसऱ्या संध्याकाळी लिब्रेऑफिसला जीटीके ३ चं जोडपॅकेज दिलं आणि त्याचा मेनू वर आला. मग थीम बदलली, कारण आधीच्या थीममध्ये पॅनलच्या माथ्यावर एक पिक्सेलची मृत रेघ होती: बाण कडेला नेऊन टिचकी मारली की काहीच व्हायचं नाही. फिट्सचा सगळा फायदा त्या एका पिक्सेलनं घालवला होता. तो फायदा परत मिळवला. आणि मग ज्यांना मेनू वर पाठवायचाच नाही असे प्रोग्रॅम उरले.

इथं मला स्पष्ट बोलायचं आहे.

२८ एप्रिल २०११ ला उबुंटू ११.०४ आलं. त्यात युनिटी हा डेस्कटॉप होता, आणि माथ्यावरचा मेनू सगळ्यांना आपोआप मिळत होता. उबुंटू बनवणाऱ्या कॅननिकलनं आपलं बळ या कल्पनेमागं लावलं त्याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे, कारण मी उतरवलेल्या प्लगइनचा पाया त्यांचा आहे. त्या नोंदणी सेवेच्या नावात अजून कॅननिकलचं नाव आहे. पण त्यांनी मेनू दिला तो झाकून दिला. बाण वर नेईपर्यंत तिथं फक्त प्रोग्रॅमचं नाव दिसायचं, शब्द नाहीत. दुकानाची पाटी गिऱ्हाईक दारात आल्यावरच उलटायची असली ही तऱ्हा. नवशिक्याला कळणार कसं की वर काही आहे? मग एप्रिल २०१२ च्या १२.०४ मध्ये आणखी एक सोय आली: ऑल्ट दाबा आणि हवी ती आज्ञा टाइप करून शोधा. ज्याला शब्द माहीत आहे त्याच्यासाठी उत्तम. ज्याला माहीत नाही त्यानं काय शोधायचं? मेनूचं कामच मुळी माहीत नसलेला शब्द समोर ठेवण्याचं आहे. आणि ५ एप्रिल २०१७ ला कॅननिकलचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी जाहीर केलं की युनिटीचं काम थांबलं, उबुंटू पुन्हा ग्नोम या डेस्कटॉपकडं जाणार. सहा वर्षांत लोकांनी लावून घेतलेली सवय एका दिवसात बेवारस झाली.

आणि ग्नोमनं काय केलं? ग्नोमनं मेनूवर पद्धतशीर हल्ला केला. २०११ च्या ३.० पासून सुरुवात. आधी प्रोग्रॅमच्या काही आज्ञा वरच्या पट्टीत नेल्या, मग शीर्षकपट्टी आणि टूलबार एक करून मेनूची ओळच काढली, तीन रेघांचा आयकॉन आणला, आणि मार्च २०१९ च्या ३.३२ मध्ये वरच्या पट्टीतला तो उरलासुरला मेनूही काढून टाकला. आठ वर्षांत तीन जागा बदलल्या. सांगोल्यानं गणपतराव देशमुखांना ११ वेळा विधानसभेत पाठवलं, कारण माणूस आहे तिथं सापडायचा आणि आहे तसाच असायचा. इथली माणसं जागेवरच्या गोष्टीवर विसंबतात. साधन हे त्याच जातीचं असावं. कुदळीचा दांडा दर तीन वर्षांनी दुसऱ्या बाजूला बसवणारा लोहार आमच्याकडं पोट भरू शकणार नाही.

तरीही हे मी त्यांचं मत म्हणून सोडून दिलं असतं. ज्यांना तीन रेघा आवडतात त्यांनी त्या वापराव्यात. पण डिसेंबर २०२० मध्ये जीटीके ४ आलं आणि त्यात बाहेरून मॉड्यूल जोडायची सोयच काढून टाकली. ज्या मॉड्यूलनं माझ्या माउसपॅडचा मेनू वर पाठवला, ते जीटीके ४ च्या प्रोग्रॅमला लावायला जागाच नाही. हे मात्र मी सोडणार नाही. मुक्त सॉफ्टवेअरवाले मला वर्षानुवर्षं सांगत आले: आवडत नाही तर बदल, स्रोत उघडा आहे, तुला मोकळीक आहे. मी बदलायला गेलो आणि ज्या बिजागरीवर दार फिरायचं तीच त्यांनी उपटलेली आढळली. आता मोकळीक उरली ती अख्खी इमारत पुन्हा बांधण्याची. ती मोकळीक सांगोल्यातल्या टायपिंगवाल्याच्या काय कामाची?

केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपचं मात्र नाव आदरानं घेतलं पाहिजे. त्यांनी केडीई ३ च्या काळातच माथ्यावरच्या मेनूचा पर्याय ठेवला होता. त्यांचं प्लाझ्मा ५ आलं तेव्हा तो सुटला, पण जानेवारी २०१७ च्या ५.९ मध्ये त्यांनी तो परत आणला आणि आजही ठेवला आहे. लोकांनी मागितलं, त्यांनी दिलं. एवढंच तर करायचं असतं.

यात आता वेलँडची, म्हणजे पडद्यावर विंडो मांडणाऱ्या नव्या व्यवस्थेची, भर पडली आहे. जुन्या एक्स ११ मध्ये प्रत्येक विंडोला एक क्रमांक असतो आणि तो कुणालाही वाचता येतो. मेनूची नोंद त्या क्रमांकावरच होते. वेलँडमध्ये असा सामाईक क्रमांकच नाही. सुरक्षिततेसाठी तो काढला, आणि ते कारण मला पटतं: एका प्रोग्रॅमनं दुसऱ्याच्या विंडोत डोकावू नये. पण क्रमांक काढताना त्यावर काय काय उभं आहे हे पाहून पर्यायी वाट बांधायला हवी होती. केडीईनं आपल्यापुरती बांधली. सर्वांची मिळून एक वाट झाली नाही. आणि सप्टेंबर २०२५ च्या ग्नोम ४९ नं एक्स ११ चं सत्र मुळातच बंद ठेवलं, पाठोपाठ उबुंटू २५.१० चं नेहमीचं सत्र फक्त वेलँडचं झालं. जुना पूल पाडला, नवा अर्धवट, आणि पलीकडच्या माणसानं पोहत यावं अशी अपेक्षा.

माथ्यावरच्या मेनूला विरोध करणाऱ्यांचे मुद्दे मला ठाऊक आहेत, आणि त्यातले दोन खरे आहेत. दोन-तीन मोठे पडदे असतील तर माथ्यावरची पट्टी विंडोपासून फार लांब पडते. खरं आहे. आणि ज्यांनी ‘बाण जिथं जाईल ती विंडो पुढं’ असं सेटिंग ठेवलं आहे त्यांचा बाण वर जाताना वाटेतल्या विंडोवरून जातो आणि मेनूच बदलतो. हेही खरं. त्यांनी मेनू विंडोत ठेवावा. मी कुणावर पट्टी लादत नाही. तिसरा मुद्दा टचस्क्रीनचा, तो मला ऐकवू नका. माझ्या दुकानात, तहसीलच्या बाहेरच्या टायपिंगवाल्यांकडं, शाळेच्या संगणक खोलीत एकही टचस्क्रीन नाही. जे यंत्र लोकांकडं नाही त्याच्यासाठी, लोकांकडं असलेल्या यंत्रावरचं साधन मोडायचं, हा कुठला न्याय?

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते ती. मराठी.

लिनक्सचे मेनू मराठीत आहेत. ते आपोआप झालेले नाहीत. पुण्यात रेड हॅट या कंपनीच्या ऑफिसात बसलेल्या माणसांनी, आणि पदरचा वेळ घालून स्वयंसेवकांनी, ग्नोमचे, फेडोराचे, लिब्रेऑफिसचे शब्द एकेक करून मराठीत आणले. पडद्यावर मराठी नीट दिसावं म्हणून लोहित मराठी हा मोफत फॉन्ट आला. त्याची मूळ अक्षरं पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकनं दिलेली, ज्यांची श्रीलिपी डीटीपीवाल्यांच्या हाताखाली पिढीभर चालली. या अनुवादकांची काळजी किती बारीक होती ते ग्नोमच्या जुन्या मेनूत दिसतं. ‘फाइल’ या शब्दापुढं त्यांनी कंसात इंग्रजी एफ ठेवला, ‘संपादन’पुढं ई, ‘मदत’पुढं एच. का? तर मेनू मराठी झाला तरी ऑल्ट धरून एफ दाबणाऱ्याचा हात अडू नये म्हणून. एका मुलीच्या बोटांची सवय मोडू नये म्हणून कुणीतरी पुण्यात बसून प्रत्येक शब्दापाठी एक अक्षर लावत बसलं होतं. याला म्हणतात दुसऱ्याचा विचार करणं.

मेनूची ती ओळच काढून टाकली की हे सगळं काम गेलं. कुणी म्हणेल, तीन रेघांच्या आतही शब्द आहेतच की, मराठीतच आहेत. आहेत, पण ते दाराच्या आत आहेत आणि दारावर नाव नाही. शिवाय जुन्या मेनूत पन्नास आज्ञा असायच्या तिथं आता आठ उरल्या. बाकीच्या कुठं आयकॉन झाल्या, कुठं नाहीशाच झाल्या. नऊ शब्दांची जी ओळ पडद्याच्या माथ्यावर सतत डोळ्यांसमोर असायची, तीच अनेकांसाठी संगणकावरचं पहिलं मराठी होती. इंग्रजीची धास्ती घेऊन आलेली बाई ती ओळ वाचायची आणि खुर्चीत नीट टेकून बसायची. हे मी माझ्या दुकानात किती वेळा पाहिलं आहे. आयकॉन सगळ्या भाषांचा असतो म्हणतात. तो कुठल्याच भाषेचा नसतो, आणि ज्यांना फक्त आपल्या भाषेचा आधार आहे त्यांच्याखालचा तो आधार काढून घेतो.

यात आपल्या लोकांनाही मी मोकळं सोडणार नाही. संगणक मराठीत चालू शकतो हे माहीत असून आपण तो इंग्रजीत ठेवतो. एमएस-सीआयटीनं लाखो मराठी माणसांच्या हातात माउस दिला, हे मोठं काम आहे. पण शिकलेल्यांना विचारा, त्यांना आठवतात ती रिबनवरची चित्रं. २००७ च्या ऑफिसनं मेनू काढून रिबन आणली तेव्हापासून शिकवणं म्हणजे ‘हे चित्र दाब, मग ते दाब’ एवढंच राहिलं. आवृत्ती बदलली की शिकलेलं गेलं. केरळनं आपल्या सरकारी शाळांत लिनक्स नेलं आणि मल्याळममधून शिकवलं. आपल्याकडं ते झालं नाही. सीडॅक या सरकारी संस्थेचं मुख्यालय पुण्यात, सीडॅकचीच बॉस लिनक्स ही प्रणाली २००७ पासून आहे, ती लोकांच्या पैशातून झाली आहे. त्या प्रणालीत माथ्यावर मराठी मेनू मुळातच का असू नये? भारतीय भाषांसाठी म्हणून बनवलेल्या प्रणालीनं भाषा दिसेल अशी जागा आधी राखायला हवी. हे मागायला मला कुठल्या समितीची परवानगी नको, मी कर भरतो.

ज्यांनी एक्सएफसीई आणि ‘माते’ या डेस्कटॉपांचे प्लगइन रात्री जागून चालते ठेवले त्या मोजक्या माणसांना माझा नमस्कार. त्यांच्या कामावर माझी चार यंत्रं आणि तीन पगार चालतात. पण चार-दोन माणसांच्या जागरणावर एवढी मूलभूत गोष्ट टांगून ठेवणं चूक आहे. एक थकला की संपलं.

सध्या दुकानात सगळं जागेवर आहे. चारही पडद्यांवर माथ्यावर मराठी शब्द, नेहमी दिसणारे, न झाकलेले. ज्या प्रोग्रॅमनी मेनू वर पाठवायला नकार दिला ते मी काढून टाकले आणि त्यांच्या जागी पाठवणारे घातले. ब्राउझरला पर्याय नव्हता, तो राहिला. त्याचा मेनू ऑल्ट दाबल्यावर दिसतो, हे वहीत लाल शाईनं लिहिलं आहे. रद्दी झालेली अकरा पानं त्या मुलीनं परत लिहिली. जुनी पानं फाडू नकोस म्हणालो, ती तशीच आहेत, काट मारलेली.

डेबियन १२ ची लांबवलेली मुदत ३० जून २०२८ ला संपते. तोवर वेलँडसाठी सगळ्यांनी मिळून मेनूची एक वाट बांधावी, जीटीकेनं काढलेली बिजागरी परत बसवावी, आणि सेटिंगमध्ये ती एक चौकोनी खूण आणावी. ते होत नाही तोवर माझ्या दुकानात नवी आवृत्ती येणार नाही.